शंभर वर्षांतून एकदा म्हणजे केव्हा?

26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात : सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्यामुळे 'मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निर्धास्त' असा समज होऊ शकतो. तो खरा आहे का, हे वर्गात तपासता येईल.

समजा, एक घर नेमके लाल रेषेवर आहे. तेथे पाणी पोचण्याची संभाव्यता दरवर्षी 1/100. मागच्या वर्षी काय घडले, याचा पुढच्या वर्षाशी संबंध नाही, असे धरू. आता संगणकाला सांगायचे :

1. 1 ते 100 मधील कोणतीही एक संख्या निवड. 1 आल्यास 'पूर', एरवी नाही.
2. हे 30 वेळा कर. ही एका घराची 30 वर्षे झाली.
3. अशी 1000 घरे घे आणि एकदा तरी पूर आलेली घरे मोज.

पायथन भाषेत यासाठी दहा-बारा ओळी पुरतात. संगणक नसेल तर 100 चिठ्ठ्या डब्यात घाला; मात्र काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकायला हवी.

उत्तर 260 च्या आसपास येते. कधी 250, कधी 270. घरे 100 च घेतली तर टक्केवारी बरीच हेलकावते, लाख घेतली तर स्थिरावते. मग सूत्र सांगा : 0.99 चा 30 वा घात 0.74, उरलेले 0.26. म्हणजे चारांपैकी एका घरात पाणी!

आता लाख घरांतून पहिल्याच वर्षी पूर आलेली घरे वेगळी काढा. पुढच्या 29 वर्षांत त्यांपैकी सुमारे 25 टक्के घरांत पुन्हा पूर येतो. इतर घरांतही तितकाच. नदी हिशेब ठेवत नाही.

शेवटी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवा. 1/100 हा आकडा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. पात्रात भराव पडला, पावसाची तऱ्हा बदलली, तर? प्रोग्रॅममध्ये 1/100 च्या जागी 2/100 घाला. 26 टक्क्यांचे 45 होतात.