एका स्टॉपचा हिशेब

सीवूड्सला टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर हिवाळ्यात पहाटेपासून लेन्सांच्या तोफा लागलेल्या असतात. एवढं असूनही तक्रार एकच, ‘पोहोचत नाही.’ म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून पोहोच वाढवणारं हे टेलिकन्व्हर्टर (टीसी) प्रकरण जवळून बघायला गेलो.

ओहोटीला फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, खाडीच्या चिखलात पांगतात. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे चिखल तुडवत पक्ष्यांच्या मागे जाणं नकोच. मग पोहोच काचेतूनच वाढवायची.

शेजारच्या काकांनी वाऱ्याकडे पाठ केली, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून लेन्स काढली, ठिपक्याला ठिपका जुळवून मध्ये 1.4 चा टीसी बसवला. खट्. 500 ची लेन्स 700 ची झाली, पण एफ 5.6 चं एफ 8 झालं. “1.4 ला एक स्टॉप, 2 ला दोन. फुकट काही नाही,” काका म्हणाले. एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश: 1/1000 चा शटर 1/500 वर आणा, नाहीतर आयएसओ 800 चा 1600 करा. उडत्या पक्ष्याला 1/500 पुरत नाही.

त्यांनी मला स्क्रीनवर फोटो मोठा करून दाखवला. गडद चोच, लालसर डोळा, म्हणजे लहान रोहित. मोठ्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. एवढं दिसलं, तेव्हा टीसीची किंमत पटली.

पलीकडे एका तरुणाने 5.6 च्याच लेन्सला 2 चा लावला होता. एफ 11 वर त्याच्या जुन्या बॉडीचा फोकस नुसता पुढे-मागे धावत होता. “काका, बिघडलं का हो?” “बिघडलं काही नाही रे, दोन स्टॉप गेले!”

ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागली. टीसी ती थरथरही मोठी करतो. तेव्हा कितीही महाग काच लावा, फोटो सॉफ्टच. जवळच्या खंड्याला मात्र टीसी खरंच उपयोगी. लेन्सचं किमान फोकस अंतर तेच राहतं आणि पक्षी मोठा मिळतो.

भरती चढली, चिखल बुडाला, थवे पाणथळीवर उतरले. काकांनी टीसी काढून खिशात टाकला.

माझं मत विचाराल तर एफ 4 ची लेन्स असेल तर 1.4 खुशाल घ्या, 5.6 वर 2 च्या नादी लागू नका. आणि निघण्याआधी भरतीची वेळ बघा.