यो-यो कोणता घ्यावा?

शिरवळच्या बाजारपेठेत मुलासाठी यो-यो घेऊ इच्छिणाऱ्या पालकाने जे महाग तेच उत्तम हा समज प्रथम खारीज करावा; कारण बेअरिंगवर दीर्घकाळ फिरणारा रुंद, धातूचा यो-यो निव्वळ झटक्याने हाती परतत नाही, त्यासाठी दोरीचा पेच घालण्याचे कौशल्य लागते, आणि ते अंगी नसल्यास नवशिक्याचा विरस होतो. १९२८ साली पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने कॅलिफोर्नियात ज्याचे उत्पादन आरंभिले, त्या साध्या धाटणीचा, झटक्यासरशी परतणारा यो-योच आरंभी इष्ट होय. पुढे सलग फेरे मारण्याची आवड जडल्यास गोलसर कडांचा, दोरीवर तोलण्याची जडल्यास फुलपाखरी आकाराचा घ्यावा. यो-यो जमिनीवर टेकवला असता दोरी नाभीपर्यंत यावी. जास्तीची बेलाशक कापावी.