उसनी कातडी

१९९४च्या उन्हाळ्यात औशाजवळच्या गावी आमच्या आक्काच्या स्टोव्हचा भडका उडाला. नायलॉनची साडी अंगाला चिकटली. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मांडीची कातडी काढून जखमेवर लावतो आम्ही, पण हिची मांडीही भाजलीय." नवव्या दिवशी आक्का गेली.

कातडी म्हणजे शरीराची भिंत. ती ढासळली की आतले पाणी पाझरून जाते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. ही भिंत पुन्हा उभारायची कशी, यासाठी शास्त्रज्ञांची खटपट केव्हाच सुरू झाली होती. १९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. छोट्याशा तुकड्यातून मोठा पापुद्रा तयार होऊ लागला. पण त्याला काही आठवडे लागतात आणि तो फार नाजूक असतो. १९८१ साली बर्क आणि यानास यांनी गाईच्या कोलॅजेनची जाळी व वर सिलिकोनचा पडदा अशी कृत्रिम त्वचा रुग्णांवर वापरल्याचे जाहीर केले. ती उपयोगी खरी, पण महागडी. आपल्या मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली भाजलेल्या जखमांवर बांधून पाहिल्या!

आक्कासारख्यांना आधार असतो तो मृतांनी दिलेल्या त्वचेचा. २००० साली मुंबईच्या शीव रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ, मांड्या यांवरचा पातळ थर काढतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. ती कायमची नव्हे, उसनीच; काही आठवड्यांनी शरीर ती टाकून देते. पण तेवढ्या अवधीत वेदना कमी होतात, जंतू रोखले जातात आणि रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा काढण्याजोगी होते.

२०११ साली नांदेडला वडील गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान केले. त्वचेचे मात्र आम्हा कुणाला सुचलेच नाही. आक्का ज्या घरातली, त्याच घराला!

त्या रात्रीचे सहा तास मला अजून टोचतात. म्हणून घरच्यांना सांगून ठेवले आहे, जवळच्या त्वचापेढीचा फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या वेळी शोधाशोध नको.