शुश्रूषा करणाऱ्याची चौकशी कोण करणार?

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो. अन्न जाते का, झोप लागते का, वेदना कमी आहेत का, असे विचारले जाते. हेच प्रश्न त्याच्या उशाशी रात्रंदिवस बसणाऱ्या व्यक्तीला मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तिचे जेवण, तिची झोप आणि तिची वेदना या गोष्टी घराच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांतील शंभरापैकी सुमारे ७१ जण खेड्यांत राहत होते. पक्षाघात, मोडलेला खुबा, गेलेली दृष्टी, स्मृतिभ्रंश अशा कारणांनी परावलंबी झालेल्या वृद्धांची काळजी खेड्यात कुटुंबावरच पडते. शहरात पैसे मोजल्यास दिवसपाळीची बाई किंवा मावशी मिळू शकते. गावात तशी सोय बहुधा नसते, आणि मिळाली तरी परवडत नाही.

शेत, चूल आणि खाट

परावलंबी वृद्धाची शुश्रूषा घड्याळाकडे पाहत नाही. अंथरुणात लघवी झाली की कपडे बदलावे लागतात, शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, घास भरवावा लागतो. पाणी दूरवरून आणायचे असेल, तर रोजच्या स्नानाला आणि धुण्याला लागणाऱ्या पाण्याचाही प्रश्न असतो. त्यातच खुरपणीचे दिवस आले, तर शेत आणि खाट यांपैकी एकाची निवड करावी लागते. मजुरीवर पोट असलेल्या घरात एक माणूस शुश्रूषेसाठी थांबले की, त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पुष्कळदा उशाशी भाकरी व पाण्याचा तांब्या ठेवून कडी लावून निघावे लागते. शेतात हात काम करतात, मन मात्र घरी त्या खाटेपाशी असते.

हा भार प्रामुख्याने स्त्रियांवर येतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील माणसांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १३४ मिनिटांचा वेळ त्यात जात असल्याचे दिसले. पुरुषांचा असा वेळ ७६ मिनिटे होता. हे आकडे लहान मुलांची काळजी धरून आहेत. खाटेवरच्या माणसाच्या घरी मिनिटांचा हिशेब केव्हाच मागे पडतो.

ओठांवर न येणाऱ्या भावना

शरीराचा शीण दिसतो, मनाचा दिसत नाही. ज्या मामंजींसमोर सुनेने उभ्या आयुष्यात मान वर केली नाही, त्यांचे कपडे बदलण्याची वेळ येते, तेव्हा दोघांचाही संकोच पराकोटीचा असतो आणि त्याविषयी दोघांनाही बोलता येत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई नुकतेच जेवून उठतात आणि शेजारणीला सांगतात, ‘मला सकाळपासून कोणी घासभर दिले नाही.’ आजार ठाऊक नसलेली शेजारीण ते खरे मानते. त्या एका वाक्याने वर्षानुवर्षांच्या कष्टांवर पाणी पडते.

मग राग येतो. रागापाठोपाठ अपराधीपणा येतो. एखाद्या रात्री चौथ्यांदा उठताना ‘आता हे संपावे’ असा विचार मनात चमकून जातो आणि आपण किती दुष्ट आहोत, या जाणिवेने तीच व्यक्ती पहाटेपर्यंत जागी राहते. असा विचार येणे हे दुष्टपणाचे लक्षण नव्हे. दीर्घकाळ विसावा न मिळालेल्या मनाचा तो आक्रोश असतो. मात्र तो दाबून ठेवला, तर कधी शब्द तिखट होतात, कधी कूस बदलताना हात जड पडतो, आणि त्याची झळ त्या असहाय वृद्धालाच बसते. काळजी घेणाऱ्याचे मन जपणे हा म्हणूनच वृद्धाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पुंडलिकाची कथा आणि सुनेचे हात

आईवडिलांच्या सेवेत मग्न असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवालाही विटेवर तिष्ठत ठेवले, ही कथा आपल्या मनात खोल रुजली आहे. श्रावणबाळाचे नाव तर राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेलाही दिले आहे. या दोन्ही कथांत सेवा करणारा मुलगा आहे. वास्तवात मात्र ‘मुलगा आईवडिलांचे फार करतो’ असे गाव म्हणते, तेव्हा त्या करण्यातले बरेचसे हात सुनेचे असतात. कर्तव्य म्हणून जे गृहीत धरले जाते, त्याचे कौतुक होत नाही. त्यात उणीव राहिली तर बोल मात्र लागतो. शहरातून दोन दिवसांसाठी आलेली नणंद किंवा दीर ‘आई किती वाळली’ एवढेच म्हणून परततात, तेव्हा मनाला बसणारा घाव औषधाने भरत नाही.

याविषयी एक जुना अभ्यास मोलाचा आहे. अमेरिकेतील स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या काळजीवाहकांचा अभ्यास केला. काळजीवाहकाला वाटणारा भार आजाराच्या तीव्रतेशी फारसा जोडलेला नव्हता. कुटुंबातील इतर माणसे वृद्धाला किती वेळा भेटायला येतात, याच्याशी तो जोडलेला होता. जिथे ये-जा अधिक, तिथे भार कमी वाटत होता. तो अभ्यास लहान होता आणि परदेशातला होता; तरी आपल्या गावांतील अनुभव त्याहून वेगळा नाही. आजार बरा करणे आपल्या हाती नसेल, पण एकटेपण कमी करणे निश्चित आहे.

धोक्याच्या खुणा

पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ जाणवत असतील, तर त्या अंगावर काढू नयेत: झोप न लागणे, भूक मरणे, विनाकारण रडू येणे, क्षुल्लक गोष्टींवरून संताप होणे, कशातच मन न लागणे, सतत डोके किंवा अंग दुखणे. जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. वृद्धांविषयीच्या अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे. गावातील आशा सेविकेशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशीही मोकळेपणाने बोलावे.

भार वाटून घेता येतो

शेतीत आपल्याकडे सावडीची रीत आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. तीच शुश्रूषेतही आणता येईल. आठवड्यातून एक दुपार शेजारीण, जाऊ किंवा नातवंड खाटेपाशी बसले, तरी काळजीवाहकाला निवांत झोप घेता येते, बाजाराला किंवा माहेरी जाऊन येता येते. शक्यतो वृद्ध पुरुषाचे स्नान व कपडे मुलाने किंवा नातवाने पाहावेत. त्यात वृद्धाचाही मान राहतो. दूर राहणाऱ्या भावंडांनी सल्ल्याऐवजी दिवस द्यावेत. वर्षातले ठरावीक दिवस स्वतः येऊन शुश्रूषा करावी आणि औषधपाण्याच्या खर्चातला वाटा न मागता पाठवावा.

शासकीय मार्गही धुंडाळावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवल्यास पुढच्या योजनांची वाट सुकर होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ राज्याने काळजीवाहकांसाठी दरमहा ६०० रुपयांच्या मदतीची योजना राबविली. रक्कम अल्प आहे, पण घरातली शुश्रूषा हेही काम आहे, याची ती नोंद आहे. ग्रामसभेत हा विषय मांडण्यास संकोच नसावा.

वडीलधाऱ्यांना एक विनंती

हा अंक वाचणाऱ्या ज्येष्ठांना एवढेच सांगावेसे वाटते: परावलंबन आले म्हणून आपण ओझे झालो, असे मानू नका. आपल्याजवळ देण्यासारखे अजूनही आहे. ‘आज तुझी फार धावपळ झाली, थोडी पड’ हे शब्द आपल्याच तोंडून निघाले, तर ते दुसऱ्या कोणाच्याही शब्दांहून अधिक आधार देतात. दुसऱ्या कोणाच्या हातून जेवायला आपण तयार झालात, तर रोज भरवणाऱ्या हाताला एक वेळची सुटी मिळते. पाहुण्यांसमोर तिच्या कष्टांचा उल्लेख आवर्जून करा. गाव तुमचे ऐकते.