गणवेश, दाढी आणि गळ्यातला क्रूस

कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण. त्यामुळे आपल्या टिळकवाडीत भरतीची तयारी करणारी मुलं घरोघरी सापडतात. कुणाच्या हातात गंडा, कुणाच्या गळ्यात माळ. गणवेश चढल्यावर यातलं काय टिकतं?

हा प्रश्न जुना आहे. १८०५-०६ मध्ये मद्रासच्या इंग्रजी फौजेत हुकूम निघाला: कपाळावर गंध नको, कानात बाळ्या नकोत, दाढी काढा, मिशा ठरावीक मापाच्या ठेवा. वर नवी टोपी दिली. तिच्यात चामडं होतं आणि शिपायांना ती ख्रिस्ती लोकांची टोपी वाटली. १० जुलै १८०६ ला वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला. टिपूची मुलं तिथेच कैदेत होती, हेही एक कारण होतंच. पण ठिणगी पडली ती गणवेशावरून. शेकडो माणसं मेली. हुकूम मागे घ्यावा लागला. गव्हर्नर बेंटिंक आणि सेनापती क्रॅडॉक या दोघांना परत बोलावलं गेलं.

आज हुकूम असा मनमानी नसतो. संविधानाच्या कलम ३३ नुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू शकते. हवाई दलाचा १९६४ चा नियम ४२५ म्हणतो की चेहरा साफ हवा. मात्र ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी काढायला मनाई आहे, त्यांना सूट. शीख जवानांना ती मिळते. मोहम्मद जुबेर या हवाई दलातल्या कॉर्पोरलने दाढीसाठी परवानगी मागितली. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण इस्लाममध्ये तशी सक्त मनाई आहे हे कोर्टापुढे सिद्ध झालं नाही.

म्हणजे धर्म एखादी गोष्ट ‘चांगली’ म्हणतो एवढ्यावर भागत नाही, ‘मनाई’ दाखवावी लागते. इथे मी थोडी अडखळते. माझ्या मामेभावाच्या गळ्यातला क्रूस आजीने फर्स्ट कम्युनियनला घातलेला. तो घालायलाच हवा असं चर्च कुणाला सांगत नाही. मग या फुटपट्टीने त्याची सूट शून्य! ज्या श्रद्धेत सक्ती नाही, फक्त माया आहे, ती नियमाच्या भाषेत मांडायची कशी?

तरीही एकसारखा गणवेश हवा, हे मला पटतं. शेजारच्याची जात-धर्म न बघता त्याच्यासाठी धावायचं असतं. आणि नियम सगळीकडे कोरडा नाही. अग्निवीर भरतीत हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदण चालतं. इतरत्र असेल तर उमेदवार बाद होतो. परंपरेने अंगभर गोंदणाऱ्या आदिवासी जमातींचा वेगळा विचार होतो. तेव्हा टॅटू काढायच्या आधी जाहिरात वाचा.

हुकूम काढण्याआधी माणसांना विचारावं, हे वेल्लोरने शिकवलं. विचारूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, हे २०१६ च्या निकालाने. भरतीला जाणाऱ्याने दोन्ही माहीत करून जावं.