राक्षसाचा प्राण पोपटात

इ. स. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची कन्या मेरी हीही त्या लवाजम्यात होती. प्रवासातला रिकामा वेळ सरावा म्हणून तिने आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडे गोष्टींचा हट्ट धरला. गोव्याच्या आसऱ्याला येऊन ख्रिस्ती झालेल्या घराण्यातली ही बाई आजीच्या तोंडून ऐकलेल्या कथा एकामागून एक सांगू लागली, आणि त्या टिपून घेऊन मेरी फ्रिअर हिने १८६८ साली लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे. सात बहिणींतल्या सर्वांत धाकट्या राजकन्येला, बालनाला, त्याने कैदेत ठेवले असून तिच्या सोडवणुकीसाठी जो जो आला त्याचा त्याने दगड केला आहे. लग्नास राजी असल्याचे लटकेच भासवून ती त्याच्याकडून त्याच्या प्राणाचे गुपित काढून घेते. दूरच्या निर्जन अरण्यात ताडाच्या झाडांचे एक वर्तुळ आहे, त्याच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकीवर एक रचून ठेवल्या आहेत, सर्वांत खालच्या घागरीखाली पिंजरा आहे आणि त्या पिंजऱ्यात एक हिरवा पोपट आहे. तो जगेल तोवर पंचकिन जगेल. बालनाचा मुलगा तो पोपट मिळवतो. त्याने पोपटाचा एक पंख उपटला की इकडे जादूगाराचा एक हात गळून पडतो, दुसरा उपटला की दुसरा हात, मग पाय, आणि शेवटी पोपटाची मान पिरगळली जाताच पंचकिनचा अवतार संपतो.

राक्षसाचा प्राण पोपटात असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु ही कल्पना किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली आहे हे पाहू लागले, म्हणजे मन थक्क होते. इ. स. पूर्व सुमारे १२०० मधल्या एका मिसरी पपायरसावर दोन भावांची कथा लिहिलेली आहे. तीत धाकटा भाऊ आपले काळीज एका झाडाच्या फुलावर ठेवून देतो आणि ते झाड तोडले जाताच गतप्राण होतो. रशियन लोककथांतल्या अमर कोश्चेईचा मृत्यू बेटावरच्या ओकवृक्षाखाली पुरलेल्या पेटीत, पेटीतल्या सशात, सशातल्या बदकात आणि बदकातल्या अंड्यात दडलेला आहे. सर जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ' या १८९० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाचा मोठा विचार केला, तेव्हा ॲना डिसूझाच्या पंचकिनालाही त्यांनी साक्षीस बोलावले. पुढे अमेरिकेतले स्टिथ थॉम्पसन यांनी जगभरच्या लोककथांतल्या कल्पनाबंधांचे जे दफ्तर १९३२ ते १९३६ या काळात सहा खंडांत मांडले, त्यातही या कल्पनेला स्वतंत्र क्रमांक मिळाला. आणि मग विसाव्या शतकात सुरू झालेल्या ज्या दोन अद्भुत कथांनी अवघ्या जगाला वेड लावले, त्या दोहोंच्या मुळाशीही हाच पोपट बसलेला आढळतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मधला सॉरॉन आपल्या सामर्थ्याचा मोठा अंश एका अंगठीत ओतून बसला आहे, जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर-मालेतला (१९९७-२००७) व्होल्डेमॉर्ट आपल्या आत्म्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वस्तूंत लपवतो.

अशा वारंवार येणाऱ्या योजनांना कथानकरूढी म्हणतात, आणि ती रूढी आहे एवढ्यावरूनच लेखकाला अपराधी ठरवण्याची आपल्या टीकेची जी वहिवाट पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. रूढी हा लेखक आणि वाचक यांच्यामधला करारनामा असतो. शत्रूचा प्राण अन्यत्र आहे असे एकदा सांगितले, की दुर्बळाला बलिष्ठावर मात करण्याची एक वाट मोकळी झाली हे वाचकाला कळते. तलवारीच्या जोराऐवजी आता शोध, युक्ती आणि चिकाटी यांवर सारी भिस्त राहणार हेही कळते. आणि मग तो निर्धास्तपणे त्या वाटेला लागतो. लेखकाची परीक्षा यापुढची आहे. ठरलेल्या वाटेवर वाचकाला आणून तो त्याला अखेर कोठे पोहोचवतो? टॉल्किनचा नायक फ्रोडो अपार यातना सोसून अंगठी नष्ट करण्यासाठी ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचतो आणि ऐन क्षणी ती फेकून देण्याचे नाकारून तिच्यावर स्वतःची मालकी सांगतो. हावेने वेडा झालेला गोलम ती त्याच्या बोटासकट चावून घेतो व तोल जाऊन आगीत पडतो, तेव्हा कोठे ती नष्ट होते. रोलिंगने तर पोपटाचा पिंजरा नायकाच्याच छातीत ठेवला: शत्रूच्या आत्म्याचा एक तुकडा खुद्द हॅरीतच राहिलेला आहे, म्हणजे त्या पोपटाची मान पिरगळायची तर हॅरीने आधी मरणाला सामोरे जायला हवे. तीन हजार वर्षांची जुनी रूढी येथे एका मुलाच्या आत्मार्पणाची कथा होते, आणि ती रूढी वाचकाला आधीपासून पाठ असल्यामुळेच हा घाव इतका खोल जातो.

दुसरी तितकीच बळकट रूढी पोरक्या, कुलशील अज्ञात असलेल्या नायकाची. राजा आर्थर सर एक्टरच्या घरी वाढतो, हॅरी मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात निजतो, आपला श्रीकृष्ण गोकुळात गाई राखतो. याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: ज्याचे आईबाप घरी जागे आहेत, त्या मुलाला अरण्यात एकटे जाण्याची मुभा कोण देणार? दुसरे कारण अधिक हळवे आहे. आपण दिसतो त्याहून कोणीतरी वेगळे आहोत आणि एक दिवस ते उघडकीला येईल, ही आशा लहानपणी कोणाच्या मनात नसते? या रूढीत जन्मरहस्य उलगडले की नायकाला राज्य मिळते. महाभारतकारांनी मात्र कर्णाच्या बाबतीत तिचा जो शेवट केला, त्याला तोड नाही: युद्ध तोंडावर आले असता कृष्ण आणि कुंती कर्णाला त्याचे कुळ सांगतात, राज्यही देऊ करतात, आणि ते सारे ऐकून तो अधिरथाचा आणि राधेचाच पुत्र राहणे पसंत करतो.

इतर रूढींची नावे घेऊन पुढे जाऊ. ग्रंथारंभीचा नकाशा, अर्ध्या वाटेवर मरणारा वृद्ध मार्गदर्शक, जुनी भविष्यवाणी, ज्याच्या उच्चाराने वस्तूवर सत्ता चालते ते खरे नाव, या सर्वांनी कधी ना कधी उत्तम काम केले आहे. उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त या खऱ्या नावाच्या कल्पनेचा असा उपयोग केला की नायक अखेर आपला पाठलाग करणाऱ्या छायेला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. पण टॉल्किनच्या यशानंतर नकलांचे जे पीक आले, त्यात नकाशा राहिला, भूगोल गेला. मार्गदर्शक राहिला, त्याच्या मरणाचे दुःख गेले. डायना विन जोन्स या स्वतः नामांकित अद्भुतकथालेखिका. त्यांनी १९९६ साली या नकली अद्भुतप्रदेशाचे एक प्रवासी मार्गदर्शकच लिहिले आणि तेथले घोडे कधी थकत कसे नाहीत, प्रत्येक मुक्कामाला मांसाचा तोच रस्सा कसा शिजतो, याची बारकाईने नोंद केली. ती फिर्याद रास्त होती. आडरानात, घाईच्या प्रवासात, तासन्‌तास शिजवावा लागणारा रस्सा कोण करील, एवढाही विचार ज्याने केला नाही, त्याने ते जग डोळ्यांनी पाहिलेलेच नाही.

आता चाहत्यांच्या कथांकडे वळू. आवडलेल्या ग्रंथातली पात्रे घेऊन वाचकाने स्वतः रचलेल्या कथेला आज फॅन फिक्शन म्हणतात. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या दरीत लोटले आणि वाचकांच्या दीर्घ आग्रहानंतर १९०३ मध्ये त्याला परत आणले. मूळ लेखकाने मारलेले पात्र मेलेले मानायचे नाही, हा वाचकांचा हट्ट तेव्हापासून जगजाहीर झाला. पुढे 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणीमालिका १९६६ मध्ये सुरू होताच वर्षभरात 'स्पॉकानालिया' हे तिच्या चाहत्यांचे हौशी नियतकालिक निघाले, आणि अशा टंकलिखित, चक्रमुद्रित अंकांतून नव्या कथा टपालाने घरोघर जाऊ लागल्या. ते लिहिण्यात, छापण्यात आणि वाटण्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता.

या कथांनी आपल्या स्वतंत्र रूढी घडवल्या. मूळ ग्रंथातले हाडवैरी हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडतात. वादळात अडकलेल्या दोघांना सरायीत एकच खोली आणि एकच बिछाना मिळतो. एक जण घायाळ होतो आणि दुसरा रात्रभर त्याच्या उशाशी बसतो. बारकाईने पाहिले तर या सर्वांचे प्रयोजन एकच आहे. साहसकथेला धावण्याची घाई असते, आणि त्या घाईत जे बोलणे राहून गेले, ते बोलायला दोन माणसांना एका जागी थांबवणे भाग असते. जखम, वादळ, अपुरा बिछाना ही थांबवण्याची साधने. मूळ ग्रंथात एका ओळीत उरकलेली शुश्रूषा येथे वीस पाने चालते, आणि चांगल्या हातांत ती वीस पाने वाचनीय असतात.

१९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांतल्या एका अतिवापरातल्या नायिकेचे विडंबन लिहिले. जेमतेम साडेपंधरा वर्षांची, तरीही ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, सर्वगुणसंपन्न, सर्वांना प्रिय आणि अखेर सर्वांना रडवून मरणारी अशी ही मेरी स्यू. विडंबन मार्मिक होते, यात शंका नाही. परंतु पुढे ते नाव हत्यारासारखे वापरले जाऊ लागले आणि कर्तबगार नायिका लिहिणाऱ्या कोणत्याही मुलीच्या अंगावर फेकले जाऊ लागले, हे मला मनापासून खुपते. ज्या कथांत मुलींना करण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते, त्यांत एखादी मुलगी स्वतःला बसवू पाहते, तेव्हा पहिल्या प्रयत्नात तिने स्वतःला सर्वगुणसंपन्न केले तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे? सर्वगुणसंपन्न पुरुष नायकांची कैफियत आजवर कोणी मागितली नाही.

चाहत्यांच्या कथांतली सर्वांत थोर रूढी म्हणजे मूळ कथेतला अन्याय दुरुस्त करणे: मेलेल्याला वाचवणे, ताटातूट टाळणे, युद्ध होऊच न देणे. हा अर्वाचीन पाश्चात्य चाळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी भासाच्या नावावर असलेले 'पंचरात्र' हे नाटक जरूर पाहावे. त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्री यांनी केरळात सापडलेली, भासाची मानली जाणारी नाटके १९१२ पासून प्रसिद्ध केली. 'पंचरात्रा'त दुर्योधनाच्या यज्ञाची समाप्ती झाली असून द्रोणाचार्य गुरुदक्षिणा म्हणून पांडवांसाठी अर्धे राज्य मागतात. शकुनी अट घालतो की पाच रात्रींत पांडवांचा ठावठिकाणा लागला तरच. कीचक कोणा नि:शस्त्राच्या हातून मेल्याची वार्ता येते, भीष्मांना ते कोणाचे काम ते उमगते आणि ते विराटाच्या गाईंवर स्वारी घडवून आणतात. महाभारतात या वेळी कौरवांच्या पक्षात नसलेला अभिमन्यू येथे त्यांच्या बाजूने लढतो आणि आचाऱ्याच्या वेषातल्या भीमाच्या हाती नुसत्या बाहुबलाने सापडतो. मग विराटाच्या दरबारात बृहन्नडा आणि तो आचारी त्याला नावाने हाक मारून सलगीने बोलू लागतात, आणि ही हलकी माणसे आपल्याशी अशी कशी बोलतात म्हणून तो राजपुत्र संतापतो. समोर बाप आणि चुलता उभे आहेत हे त्याला ठाऊक नसते. शेवटी पांडव प्रकट होतात, दुर्योधन शब्द पाळतो, अर्धे राज्य देतो. कुरुक्षेत्र घडतच नाही. अभिमन्यू जिवंत राहतो. आपल्या विदर्भातला मानला जाणारा भवभूती 'उत्तररामचरिता'त सीतेला भूमीत गडप होऊ न देता रामाला परत देतो, तोही याच मार्गाने गेला आहे. मोरोपंतांनी रामकथा एकशे आठ वेळा रचली, असे सांगतात. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्णाबरोबर त्याची पत्नी वृषाली आणि भाऊ शोण यांनाही आपापली हकिकत स्वमुखाने सांगू दिली.

फरक आहे तो मालकीहक्काचा. व्यासांची परवानगी कोणी मागत नाही. जिवंत लेखकाच्या पात्रांवर मात्र कायद्याचा पहारा असतो, म्हणून चाहत्यांच्या कथा बहुधा विनामूल्य वाटल्या जातात. अमेरिकेत २००७ मध्ये स्थापन झालेल्या एका ना-नफा संस्थेने अशा कथांचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे भांडार उभारले. तेथे प्रत्येक कथेवर तिच्यातल्या रूढींची नावे लेखक स्वतःच लावतो, आणि एकाच रूढीची निरनिराळी नावे एकत्र बांधण्याचे किचकट काम स्वयंसेवक करतात. थॉम्पसन यांनी सहा खंडांत जे केले, तेच हे लोक रोज करीत आहेत. २०१९ मध्ये या भांडाराला विज्ञानकथा व अद्भुतकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मराठीत जुन्या ग्रंथांच्या अशा पुढच्या कथा लिहिण्याचे काम खुल्या मनाने व्हायला हवे आणि ते दिवाळी अंकांच्या संपादकांनी अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ ची. नाथमाधव १९२८ मध्ये निवर्तले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. वीरधवलाची पुढची हकिकत लिहायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही.