ऑक्सिजनच्या एका सिलिंडरमध्ये किती मोल?

2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा आपल्या कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पातली यंत्रणा वापरून हवेतला ऑक्सिजन वेगळा केला. जिल्ह्याला अभिमान वाटावा असंच ते काम होतं. त्याच ऑक्सिजनवरून आज ‘मोल’ समजून घेऊ. नववी ते बारावीच्या मुलांना ही पोस्ट नक्की दाखवा.

🔹 मोल म्हणजे काय?
डझन म्हणजे 12, तसा मोल म्हणजे 6.022 × 10²³ कण. पदार्थ कोणताही असो, संख्या हीच. हाच ॲव्होगॅड्रो अंक.

🔹 मोलर वस्तुमान म्हणजे काय?
एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान. ऑक्सिजनच्या अणूचं वस्तुमान 16 आणि रेणूत अणू दोन, म्हणून 32 ग्रॅम. साखरेच्या रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू असतात:
144 + 22 + 176 = 342 ग्रॅम.

🔹 आता सिलिंडर
जंबो सिलिंडरमधून साधारण 7 घनमीटर, म्हणजे 7000 लिटर वायू मिळतो. 25 अंश सेल्सिअसला आणि सामान्य दाबाला एक मोल वायू सुमारे 24.5 लिटर जागा व्यापतो.
7000 ÷ 24.5 = सुमारे 286 मोल
286 × 32 = 9152 ग्रॅम, म्हणजे सुमारे 9 किलो ऑक्सिजन!

सूत्र एकच: वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान म्हणजे मोल. ते पाठ करत बसू नका, गणितं सोडवा. सुरुवात पाण्यापासून करा: मोलर वस्तुमान 18 ग्रॅम, तर एक किलो पाण्यात किती मोल?